स्कॉलरशिप कुठे अडकते?

“आली का रे?”

आमच्या होस्टेलवर हा प्रश्न लाईटबद्दल असू शकतो, मेसमधल्या भाजीबद्दल असू शकतो, गावाकडच्या एस.टी.बद्दलही असू शकतो. पण फेब्रुवारी उजाडला की तो एकाच गोष्टीबद्दल असतो. स्कॉलरशिप! आणि उत्तरही ठरलेलं असतं, “नाही ना यार. पण अप्रूव्ह दाखवतंय.”

गेली दोन वर्षं ऍडमिशनच्या दिवसांत स्कॉलरशिप सेक्शनच्या बाहेर जे मदतीचं टेबल लागतं, तिथे मी बसतो. फॉर्म भरून देणे, कागद लावून देणे, रडणाऱ्याला पाणी देणे अशी कामं. (शेवटचं काम गंमत म्हणून लिहिलेलं नाही.) तिथे बसून एक लक्षात आलं. आपल्यापैकी बहुतेकांना आपल्याला काय मिळणार आहे तेच नीट माहीत नसतं, म्हणून ते कधी मिळणार हेही कळत नाही. थर्मोचे सायकल पाठ असलेल्या मुलाला आपल्या फीचं सायकल माहीत नाही! म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी शब्दांचा घोळ. आपण सगळ्यालाच ‘स्कॉलरशिप’ म्हणतो. खरं तर त्या एका शब्दाखाली चार वेगवेगळी माणसं राहतात. माफी, प्रतिपूर्ती, भत्ता आणि कर्ज.

माफी म्हणजे फी घेतलीच जात नाही. आपल्या वर्गात जे ‘टीएफडब्ल्यूएस’वाले असतात, ते हे. प्रत्येक ब्रँचच्या मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा या योजनेत असतात, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि सीट मेरिटवर मिळते. शिक्षण शुल्क माफ, बाकीची फी भरायची. या मुलांना कशाचीच वाट बघावी लागत नाही, कारण पैसे कुठून कुठे जातच नाहीत. त्याबदल्यात पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलून मिळत नाही, आणि ऍडमिशनच्या गडबडीत हे वाक्य कुणी वाचत नाही.

प्रतिपूर्ती म्हणजे फी आहे, ती भरायचीच आहे, पण तिचा काही भाग सरकार नंतर भरून देणार आहे. या वाक्यातला ‘नंतर’ हा शब्द आपल्या चार वर्षांचा जीव घेतो. आपण ज्याला ‘ईबीसी’ म्हणतो, म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, ती या प्रकारातली. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतला (आपल्या भाषेत ‘जीओआय’) फीचा भागही याच प्रकारातला.

भत्ता म्हणजे राहण्याखाण्यासाठी मिळणारी रक्कम. तिचा कॉलेजच्या फीशी संबंध नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती ही. आणि कर्ज म्हणजे कर्ज, त्याच्याकडे शेवटी वळू.

आता हिशेब. ‘ईबीसीत निम्मी फी माफ’ असं घरी सांगून आलेला मुलगा कॅश काउंटरवर हमखास गोंधळतो. समजा एकूण फी एक लाख आहे. शुल्क नियामक प्राधिकरण जी फी ठरवून देतं, तिच्यात शिक्षण शुल्क वेगळं असतं आणि विकास शुल्क वेगळं. समजा त्यातले ८८ हजार शिक्षण शुल्क आणि १२ हजार विकास शुल्क. योजना देते ती शिक्षण शुल्काच्या पन्नास टक्के, म्हणजे ४४ हजार. शिवाय परीक्षा शुल्काच्या निम्मे. म्हणजे घरून आणायचे ५० हजार नाहीत, ५६ हजार. वरचे सहा हजार म्हणजे एखाद्या घरात महिन्याभराचा किराणा. होस्टेल, मेस, डिपॉझिट, ड्रॉईंगचं सामान हे सगळं याच्या बाहेर. फीची पावती मिळाली की तिच्यावरच्या ओळी वेगवेगळ्या वाचा. खालची बेरीज सगळेच वाचतात.

मुलींच्या बाबतीतही असंच झालं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी या गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पन्नासऐवजी शंभर टक्के मिळू लागलं. फार मोठा निर्णय आहे. आमच्या टेबलावर त्या वर्षी अशाही मुली आल्या, ज्यांना घरून ‘बी.एस्सी. कर’ सांगितलं होतं. पण बातमीत ‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ असं छापून आलं आणि पालक रिकाम्या हाताने आले. विकास शुल्क आहे, होस्टेल आहे. शिवाय सीट कॅप राउंडमधून मिळालेली हवी. मॅनेजमेंट कोट्यातली, अभिमत विद्यापीठातली किंवा खासगी विद्यापीठातली सीट यात बसत नाही. एका काकांनी हे ऐकल्यावर काही न बोलता धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि विचारलं, “मंग बारा हजार कवापर्यंत भरायचे?” त्यांना नेमका आकडा आणि नेमकी तारीख हवी होती. ती आम्ही देऊ शकलो, म्हणून ते बसने परत गेले आणि पैसे घेऊन आले. मुलगी आज सेकंड इयरला आहे.

आता मुख्य प्रश्न. अर्ज भरला की तो जातो कुठे?

२०१७-१८ पासून आपले हे सगळे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरावे लागतात. तुम्ही ‘सबमिट’ दाबलं की अर्ज पहिल्यांदा आपल्याच कॉलेजात येतो. स्कॉलरशिप सेक्शनमधले क्लार्क काका तो उघडतात, कागद तपासतात, पुढे प्राचार्यांच्या लॉगिनमधून तो मंजूर होतो. मग तो ज्या खात्याची योजना असेल त्या खात्याकडे जातो. जीओआय असेल तर समाजकल्याण, ईबीसी असेल तर तंत्रशिक्षण. तिथे पुन्हा तपासणी. तिथून पास झाला की तो ‘अप्रूव्ह’ दिसतो, आणि आपण पार्टी मागायला सुरुवात करतो.

खरी वाट पाहणं तर इथून पुढे सुरू होतं. अप्रूव्ह म्हणजे ‘हा मुलगा पात्र आहे’ एवढंच. पैसे निघायला त्या योजनेसाठी निधी उपलब्ध व्हावा लागतो, बिल तयार व्हावं लागतं, ते कोषागारातून पास व्हावं लागतं. शिवाय रक्कम दोन हप्त्यांत येते. आता कॅलेंडर बघा. आपल्या ऍडमिशनच्या फेऱ्याच सप्टेंबरपर्यंत लांबतात, त्यानंतर अर्ज, मग मुदतवाढ, मग तपासणी. तोवर आर्थिक वर्ष संपत येतं आणि सगळ्या महाराष्ट्राची बिलं एकाच दारात उभी राहतात. म्हणून मार्चमध्ये काही जणांचा पहिला हप्ता पडतो आणि काही जण पुढच्या वर्षात ढकलले जातात. यात कुणी मुद्दाम तुमची फाईल दाबून बसलेलं असतंच असं नाही. (असंही असू शकतं, पण आधी स्वतःची बाजू तपासावी!)

मुदतवाढीबद्दल दोन शब्द. शेवटची तारीख दरवर्षी वाढते, त्यामुळे आपण तिला मनावर घेत नाही. पण तारीख वाढते ती अर्ज भरण्याची. तुम्ही ऑक्टोबरऐवजी जानेवारीत भरलात तर रांगेत तीन महिने मागे गेलात.

आणि ‘सेंड बॅक’! आमच्या टेबलावरची सगळ्यात जास्त प्रकरणं याच शब्दाची. अर्जात चूक सापडली की क्लार्क काका किंवा खातं अर्ज रद्द करत नाही, दुरुस्तीसाठी तुमच्याकडे परत पाठवतं. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, मार्कशीट अस्पष्ट, गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही, रेशनकार्डवर नाव वेगळं. परत पाठवल्याचा मेसेज येतो तो फॉर्म भरताना दिलेल्या मोबाईलवर. आणि तो मोबाईल अनेकदा असतो तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याचा, कारण फॉर्म त्याने भरला! मागच्या वर्षी एक फर्स्ट इयरचा मुलगा मे महिन्यात विचारायला आला, “अजून आली नाही.” लॉगिन केलं तर अर्ज डिसेंबरपासून त्याच्याच खात्यात पडून होता, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी परत आलेला. पाच महिने तो सरकारला शिव्या देत होता आणि सरकार त्याची वाट बघत होतं. म्हणून युजरनेम, पासवर्ड आणि मोबाईल नंबर स्वतःचा ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी एकदा आत जाऊन बघा. रिझल्टच्या दिवशी आपण दर पाच मिनिटांनी बघतोच की.

आता समजा अर्ज पास झाला, बिल पास झालं, पैसे सुटले. तरी खात्यात नाहीत. हा प्रकार काय?

यात गंमत अशी की आपण फॉर्ममध्ये बँकेचा खाते क्रमांक भरला तरी तुमच्या नावाने सुटणारे पैसे त्या क्रमांकावर न जाता आधारवर जातात. तुमच्या आधारला ‘डीबीटी’साठी जे खातं जोडलेलं आहे, त्यात ते पडतात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. तुम्ही नंतर दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे आधार सीडिंगला संमती दिलीत की आधीचं बाजूला पडतं. बँकेत केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग असणं वेगळं. बँकेतले साहेब “लिंक आहे” म्हणतात ते बहुतेक पहिलं. २०१७ साली देशभर लाखो लोकांची गॅसची सबसिडी अशीच गायब झाली होती. सिमकार्डाच्या पडताळणीसाठी अंगठा दिला, त्यात मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत नकळत खातं उघडलं गेलं आणि सबसिडी तिकडे जमा होत राहिली. आपल्याही होस्टेलवर एकाचा भत्ता अशाच विसरलेल्या खात्यात सात महिने सुखरूप होता. आधारच्या वेबसाईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं, दोन मिनिटं लागतात. बारावीनंतर हात न लावलेलं खातं असेल तर एकदा बँकेत जाऊन ते चालू आहे ना ते पाहा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला, ती.

भारत सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर सक्तीची, परत न मिळणारी फी आणि वर निर्वाह भत्ता असं तिचं स्वरूप आहे. २०२१-२२ पासून तिच्यात मोठा बदल झाला. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा ठरला, आणि केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागला. त्यात फीचा जो भाग असतो, तो विद्यार्थ्याने कॉलेजात भरायचा असतो.

माझा रूममेट वाशीम जिल्ह्यातला. त्याचं खातं गावच्या बँकेत, पासबुक आणि एटीएम कार्ड घरी. जूनमध्ये खात्यात रक्कम पडली. एवढी रक्कम त्या खात्यात कधीच पडली नव्हती. बाबांनी त्याला फोन केला, “पोरा, तुझी स्कॉलरशिप आली, देवच पावला.” हा प्रॅक्टिकलच्या गडबडीत, हाही खूश. पाऊस वेळेवर होता. बाबांनी सोयाबीनचं बी घेतलं, खत घेतलं, सावकाराचं थोडं मिटवलं. त्यांच्या दृष्टीने सरकारने पोराला दिलेलं बक्षीस होतं ते. ऑगस्टमध्ये फी सेक्शनमधून बोलावणं आलं, तुमच्या नावावर बाकी आहे. हा म्हणाला, माझी तर शंभर टक्के स्कॉलरशिप आहे! क्लार्क काकांनी स्क्रीन वळवून दाखवली, साठ टक्के तुझ्या खात्यात जूनमध्येच गेलेत.

त्या रात्री तो जेवला नाही. चोरी केल्यासारखं तोंड करून बसला होता. चोरी कुणीच केली नव्हती. बँकेच्या मेसेजमध्ये फक्त रक्कम होती. ‘यातले इतके कॉलेजचे, इतके तुझे’ असं त्यात कुठेच नव्हतं. बाबांना फोन करायला त्याला दोन दिवस लागले. शेवटी रेक्टर सरांनी मध्यस्थी केली, कॉलेजने पाच हप्ते पाडून दिले, आणि सोयाबीन विकल्यावर दिवाळीनंतर दोन हप्ते एकदम भरले गेले. उरलेल्यासाठी त्याने सेमिस्टरभर डिप्लोमाच्या मुलांच्या एम-थ्रीच्या शिकवण्या घेतल्या. आज त्याच्या लॉकरच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. एका बाजूला ‘कॉलेजचे’, दुसऱ्या बाजूला ‘माझे’.

तर जीओआयवाल्यांनो, घरी आजच फोन करा आणि हे समजावून सांगा. आणि आपल्या ऑफिसलाही एक विनंती. ऍडमिशनच्या वेळी जो फीचा कागद देता, त्यावर मराठीत दोन ओळी छापाल का? ‘खात्यात जमा होणाऱ्या रकमेत कॉलेजच्या फीचा भाग आहे’ एवढंच. खर्च शाईचा.

त्यातला ‘माझे’ हा भाग किती, तेही सांगतो. व्यावसायिक पदवीला होस्टेलवर राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्याला ७,०००. २०१० साली होस्टेलवाल्याचा दर महिना १,२०० रुपये होता आणि तो २०२१ पर्यंत तसाच राहिला. १३,५०० ला दहा महिन्यांनी भागा आणि शेजारी आपलं मेसचं बिल ठेवा. मला यावर भाष्य करायचं नाही.

परवा वाचनालयात डॉ. आंबेडकरांचं चरित्र चाळत होतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यासाठी त्यांनी करारावर सही केली होती, शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. पुढे मुदत थोडी वाढली, पण १९१७ मध्ये ती संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या जोरावर. मला त्यात सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर ती मुदत. मदत किती हे आपण बघतो, कधीपर्यंत आणि कोणत्या अटीवर हे बघत नाही. आपल्याकडेही स्कॉलरशिप दरवर्षी रिन्यू करावी लागते, हजेरीची अट असते, ईबीसीला घरातल्या दोनच मुलांची मर्यादा असते. इयर डाऊन झालेल्यांनी तर सेक्शनमध्ये जाऊन आपलं काय होणार हे त्याच आठवड्यात विचारावं.

मधल्या काळात काय करायचं? कॉलेजची बाजूही समजून घ्या. विनाअनुदानित कॉलेजात आपल्या सरांचे पगार याच फीतून होतात. सरकारकडून येणं थकलं की तेही अडचणीत येतात आणि तगादा आपल्यामागे लागतो. पण तगादा लावण्याचीही हद्द असते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असं एआयसीटीईने कॉलेजांना स्पष्ट सांगितलेलं आहे. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फ्रीशिप कार्डाचीही तरतूद आहे. ते दाखवलं की आधी फी न भरता प्रवेश घेता येतो. भांडायला जाऊ नका, अर्ज लिहा, पोर्टलवरच्या स्टेटसची प्रिंट जोडा, हप्ते मागा आणि पोच घ्या. तोंडी बोलणं सेमिस्टर बदललं की कुणाला आठवत नाही. मेसचं बिल थकणार असेल तर तीन महिने लपत फिरण्यापेक्षा रेक्टर सरांना आधी सांगितलेलं बरं. लपणारे सगळ्यांनाच माहीत असतात.

कर्जाचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. ठरावीक दर्जाच्या संस्थांमधल्या मुलांना तारण किंवा जामीनदार न देता कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. व्याजात सवलत म्हणजे व्याज माफ नव्हे आणि मुद्दल तर नाहीच नाही. एक जण मला “विद्यालक्ष्मीची स्कॉलरशिप मिळाली” असं सांगत होता. मी त्याला बँकेचं पत्र काढायला लावलं. दोघांनी मिळून वाचलं, मग तो बराच वेळ गप्प होता.

आत्ता, हे लिहिताना, माझ्या अर्जापुढे ‘अप्रूव्ह’ आहे, पहिला हप्ता नाही. रूममेटच्या अर्जापुढे काल संध्याकाळी ‘सेंड बॅक’ आलंय, उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष चुकलं म्हणून. त्याच्या बाबांना फोन झाला, ते सोमवारी तहसीलला जाणार आहेत. मदतीचं टेबल बुधवारी आणि शनिवारी चार ते सहा असतं, स्कॉलरशिप सेक्शनच्या बाहेर, पाण्याच्या कूलरजवळ. येताना पासवर्ड आठवून या.